आईला घेऊन मुंबई ते ऑकलंड: बारा हजार तीनशे किलोमीटर आणि साडेअठ्ठावीस तास

आईला ऑकलंडला सोडून परत आले त्याला आता बारा दिवस झाले. झोप रुळावर आलीय, बॅगा माळ्यावर गेल्यात, म्हटलं सगळं ताजं आहे तोवर लिहून काढू. जायच्या आधी दोन महिने मी रोज रात्री मोबाईलवर एकच गोष्ट शोधत होते, मुंबई ते ऑकलंड किती तास. आणि दर ठिकाणी वेगळं उत्तर. कुठे चौदा तास, कुठे अठरा, कुठे एकतीस, आणि तिकिटाच्या साईटवर तर १० तारखेला रात्री निघून १२ तारखेला दुपारी पोचा असं दिसायचं. आई ७१ वर्षांची, बीपीची गोळी चालू, गुडघे दुखतात, आणि आजवरचा विमानप्रवास म्हणजे एकदा पुणे-दिल्ली. हिला मी नेमकी किती वेळ बसवून ठेवणार आहे हेच मला कळेना, आणि त्याच्यामुळे रात्री झोप लागेना.

धाकटी बहीण तिकडे असते, तिची डिलिव्हरी डिसेंबरच्या सुरुवातीची होती. आईने चार महिने तिच्याकडे राहायचं आणि मी तीन आठवडे सोबत राहून परत यायचं असं ठरलं.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. ऑगस्टच्या ५ तारखेला दोघींचे व्हिजिटर व्हिसाचे अर्ज ऑनलाईन भरले, ९ सप्टेंबरला मिळाले. खर्चाला पैसे आहेत हे दाखवावं लागतं, माणशी महिन्याला १,००० न्यूझीलंड डॉलर, आणि राहायची सोय झालेली असेल तर ४००. बहिणीचं पत्र आणि तिच्या घराचे कागद जोडले. मराठीतले जे कागद होते त्यांची इंग्रजी भाषांतरं करून घ्यावी लागली, त्यात आठवडा गेला, ते आधीच करून ठेवा. व्हिसासोबत टुरिस्ट लोकांकडून एक लेव्ही घेतात, ती १ ऑक्टोबर २०२४ पासून ३५ डॉलरची १०० डॉलर झाली. आमचा अर्ज आधीचा म्हणून ३५ मध्ये भागलं.

आता तिकीट. न्यूझीलंडला आपल्याकडून थेट विमान नाही, कुठेतरी बदलावंच लागतं. ते चौदा तासांचं उत्तर कुठून येतं ते मला उशिरा कळलं, अंतराला ताशी नऊशे किलोमीटरने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा, झालं. म्हणजे जे विमान नाहीच त्याचा तो वेळ. त्यामुळे अंतर सांगणाऱ्या साईटवरचा वेळ वाचून आनंदायचं नाही आणि तिकिटाच्या साईटवरचा वाचून घाबरायचं नाही.

मग प्रश्न आला की बदलायचं कुठे. दुबईवरून पर्याय दिसत होते, हाँगकाँगवरून होते, सिंगापूरवरून होते. दुबई ते ऑकलंड एकच लांब फ्लाईट, सोळाएक तासांची, एकदा बसलं की संपलं, हे आधी मला बरं वाटलं होतं. मुलाच्या टेबलावर शाळेसाठी घेतलेला पृथ्वीचा गोल आहे. एका रात्री शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घेतला, एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबलं आणि दुसरं ऑकलंडवर ताणून धरलं. दोरा दक्षिण भारतावरून बंगालच्या उपसागरात उतरला, सिंगापूरच्या जवळून गेला, तिथून इंडोनेशिया, मग ऑस्ट्रेलियाच्या पोटातून आरपार आणि समुद्र ओलांडून न्यूझीलंड. मी तीनदा ताणून बघितला. भिंतीवरच्या नकाशात हे कधीच दिसत नाही कारण सपाट नकाशात सगळंच ओढाताण केलेलं असतं.

मग आकडे काढले. मुंबई-ऑकलंड सरळ अंतर साधारण १२,३०० किलोमीटर. मुंबई-सिंगापूर ३,९२० आणि सिंगापूर-ऑकलंड ८,४१०, बेरीज १२,३३०. म्हणजे सिंगापूरला उतरून जायचा भुर्दंड जेमतेम तीसेक किलोमीटर! आणि दुबईवरून गेलं तर मुंबई-दुबई १,९३० किलोमीटर आधी उलट्या दिशेला, मग तिथून १४,२००, म्हणजे १६,००० च्या वर. जवळपास चार हजार किलोमीटर जास्त, म्हणजे आईचे चार-साडेचार तास हवेत जास्त. माझा निर्णय त्या दोऱ्याने केला. तुम्ही कुठेही जाणार असाल, अमेरिका असो की ऑस्ट्रेलिया, तिकीट काढायच्या आधी गोल आणि दोरा घ्या, मधला थांबा दोऱ्याच्या जवळ आहे की लांब ते लगेच कळतं. ऑस्ट्रेलियावरून जायचाही पर्याय अंतराला सरळच पडतो, पण आपल्या पासपोर्टला तिथे नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा काढावा लागतो, त्याला फी नाही पण अर्ज आणि वाट बघणं आलंच. सिंगापूरला एअरपोर्टच्या आतच राहिलं, इमिग्रेशन ओलांडलं नाही तर काही लागत नाही.

सिंगापूरवरून पण दोन प्रकार होते. मुंबईहून रात्री ११:३५ ला निघून सकाळी ७:४० ला तिथे, आणि पुढचं विमान एकतर ८:५५ ला किंवा थेट रात्री ८:५० ला. सव्वा तास किंवा तेरा तास. सगळ्यांनी सांगितलं सव्वा तासाचं घे, लवकर पोचाल. मी दोन दिवस विचार केला. व्हीलचेअरवाल्या प्रवाशाला विमानातून सगळ्यात शेवटी उतरवतात, त्यात वीस-पंचवीस मिनिटं जातात, आणि पहिलं विमान जरा जरी लेट झालं तर पुढचं गेलंच. आणि रात्रभर बसून आलेल्या आईला पळवत नेऊन परत दहा तास बसवायचं. मी तेरा तासांचं घेतलं आणि आतल्या ट्रान्झिट हॉटेलात सहा तासांची खोली घेतली. ही खोली सहा-सहा तासांच्या हिशोबाने मिळते, एअरपोर्टच्या आतच असते. कर धरून साडेआठ हजार रुपये गेले, जिवावर आले, पण पूर्ण प्रवासात सगळ्यात सार्थकी लागलेला पैसा तोच. माझं जाऊन-येऊन तिकीट १,०८,००० ला पडलं, आईचं परतीचं मार्चचं म्हणून थोडं जास्त, १,१४,०००. बुकिंग करतानाच व्हीलचेअर टाकली आणि निघायच्या दोन दिवस आधी फोन करून परत खात्री केली. त्याचे पैसे पडत नाहीत, मागायला लाजू नका.

तिकीट हातात आल्यावर मी एका वहीत सगळ्या वेळा भारतीय वेळेत करून लिहिल्या, आणि मला पहिल्यांदा शांत वाटलं. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावाची असते. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे. न्यूझीलंड नोव्हेंबरात साडेसात तास पुढे, कारण त्यांचं उन्हाळ्याचं घड्याळ चालू असतं, सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत. एरवी साडेसहा. १० नोव्हेंबर रात्री ११:३५ ते १२ नोव्हेंबर सकाळी ११:३५, नुसती वजाबाकी केली तर ३६ तास. त्यातून साडेसात काढले की साडेअठ्ठावीस. त्यातले विमानात ५:३५ आणि ९:४५, म्हणजे पंधरा तास वीस मिनिटं, आणि जमिनीवर तेरा तास दहा मिनिटं. हे आईला वहीत दाखवलं तर म्हणाली, "म्हणजे दोन वेळा बसायचं आणि मधे झोपायचं, एवढंच ना? मग तू उगाच काय घाबरवतेस."

डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी पायात घालायचे घट्ट मोजे दिले, दर दीड-दोन तासांनी उठून चालायला सांगितलं, आणि गोळीचं असं ठरवून दिलं की प्रवासात भारतीय वेळच धरायची, पोचल्यावर रोज एक-दीड तास अलीकडे आणायची. म्हणून आईच्या मनगटावरचं घड्याळ बदलायचं नाही असं ठरलं. सकाळी आठची गोळी म्हणजे सिंगापूरला साडेदहा आणि ऑकलंडला दुपारी साडेतीन. औषधं मूळ पाकिटातच ठेवा आणि प्रिस्क्रिप्शन सोबत असू द्या. न्यूझीलंडला तीन महिन्यांपर्यंतची औषधं नेता येतात. आईला चार महिने राहायचं होतं तर उरलेल्या महिन्याचं तिकडच्या डॉक्टरकडून घ्यायचं ठरलं.

९ तारखेच्या रात्री उशिरा न्यूझीलंडचं ट्रॅव्हलर डिक्लेरेशन, म्हणजे देशात शिरताना सोबत काय आणतोय वगैरे सांगायचा फॉर्म, मोबाईलवर भरलं. ते प्रवासाच्या आदल्या २४ तासांतच भरता येतं आणि पूर्ण फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साईट दिसल्या तर बंद करा, सरकारी साईटवरच जा. दोघींचं मिळून अर्धा तास लागला.

१० नोव्हेंबर, रविवार. दुपारी साडेतीनला पुण्यातून टॅक्सीने निघालो, ४,२०० रुपये. पावणेआठला टर्मिनल २. चेक-इनच्या काउंटरवर दोन गोष्टी डोळ्यांनी बघून घ्या, दोन्ही फ्लाईटचे बोर्डिंग पास हातात आले का आणि बॅगेच्या टॅगवर शेवटचं नाव ऑकलंडचं आहे का. व्हीलचेअर ढकलणाऱ्या दादांनी आईला इमिग्रेशन, सिक्युरिटी सगळीकडून नेलं, मी मागे मागे. आई पहिल्यांदा व्हीलचेअरवर बसली होती, तिला खूप अवघडल्यासारखं झालं होतं, पदर सारखा सारखा नीट करत होती. मला ते बघून आतून कसंतरी झालं. पण गेटपर्यंतचं ते अंतर तिच्याच्याने चालवलं नसतं हे तिथे गेल्यावर दोघींनाही कळलं.

विमान पाऊण-एक तास लेट निघालं. सिंगापूरला उतरलो तेव्हा ८:२० झाले होते, त्यात आमची व्हीलचेअर यायला पंचवीस मिनिटं लागली. गेटबाहेर आलो तेव्हा पावणेनऊ होऊन गेले होते आणि समोरच्या बोर्डवर ८:५५ च्या ऑकलंडपुढे गेट बंद असं लिहून आलं होतं. मी तो बोर्ड बघत एक मिनिट उभीच राहिले.

खोलीत आईने आंघोळ केली, साडेदहाला गोळी घेतली आणि तीन वाजेपर्यंत गाढ झोपली. मीही झोपले, दाराला कडी आहे आणि बॅगा आत आहेत म्हटल्यावर जी झोप लागते ती. नंतर टर्मिनल ३ मध्ये फुलपाखरांची बाग आहे तिथे जाऊन बसलो. एक फुलपाखरू आईच्या घट्ट मोज्यावर येऊन बसलं आणि ती पाय न हलवता पाच-सात मिनिटं तशीच बसून होती. एक टीप, तिथे सिक्युरिटी पुन्हा होते आणि ती गेटपाशीच होते, त्यामुळे बाटली भरून नेली तर तिथे ओतून द्यावी लागते. रिकामी न्या आणि विमानात भरून मागा.

दुसरं विमान वेळेवर सुटलं. मला या पावणेदहा तासांचीच भीती होती. आईला कडेची सीट घेतली होती, मी मधे. जेवण झालं, दिवे गेले, आई दोनदा उठून मागच्या पॅन्ट्रीपर्यंत चालून आली, मग शाल घेऊन झोपली. समोरच्या पडद्यावर छोटं विमान ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटावर होतं, माझा दोरा जिथून गेला होता तिथेच. मला झोप येईना, मी सारखी तो नकाशा आणि आईचा श्वास बघत होते.

मग खिडकीकडच्या मुलीने झडप थोडी वर केली आणि आत लाल-केशरी उजेडाची पट्टी आली. आई जागी झाली. तिने सवयीने मनगट डोळ्यांजवळ नेलं, घड्याळात साडेबारा. रात्रीचे साडेबारा आणि बाहेर सूर्य उगवतोय! पूर्वेला जाताना आपण सूर्याच्या समोरून त्याच्याकडे जात असतो म्हणून रात्र आखूड होते, हे मला वाचून माहीत होतं, पण आईच्या सुरकुतलेल्या हातावरचं ते घड्याळ आणि त्याच्यावर पडलेलं ऊन बघून खरं कळलं. आईने आधी हात जोडले. मग मला हळूच विचारलं, "अगं, आज कार्तिकी ना? उपास इथला धरायचा की आपल्याकडचा?" मला काय सांगावं कळेना. तीच थोडा वेळ बाहेर बघत बसली आणि म्हणाली, "सूर्य उगवला म्हणजे दिवस लागला. आजच धरते." आणि नाश्त्याचा ट्रे आला तेव्हा फक्त फळं आणि चहा घेतला. पुढे दुपारच्या गोळीआधी पोटात काहीतरी हवं म्हणून मी बहिणीला मेसेज टाकून ठेवला, साबुदाणा भिजवून ठेव.

ऑकलंडला उतरल्यावर इमिग्रेशन पटकन झालं, वेळ गेला तो बायोसिक्युरिटीला. खाण्याचा प्रत्येक पदार्थ डिक्लेरेशनमध्ये सांगायचा, शंका असली तरी सांगायचाच. न सांगता सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. मध अजिबात नेऊ नका. आमच्याकडे गोडा मसाला, मेतकूट आणि बाळंतिणीसाठी हळीव होते. ऑफिसर बाईंनी बॅग उघडून एकेक पुडी बघितली, मसाला आणि मेतकूट परत ठेवलं, हळीव मात्र रुजू शकणारं बी म्हणून काढून घेतलं. आधी सांगितलेलं असल्यामुळे दंड वगैरे काही नाही, बोलणंही अगदी नीट. आईने ते हळीव निवडून, वाळवून, कापडी पिशवीत शिवून आणले होते, पिशवी डब्यात पडताना तिचा चेहरा उतरला. बियांचं काही नेऊ नका एवढंच सांगेन. बाहेर यायला एक वाजून गेला. बहीण पोटावर हात धरून उभी होती, आईने व्हीलचेअर थांबवायला सांगितली आणि शेवटची दहा पावलं ती स्वतः चालत गेली.

घरी पोचलो तेव्हा तिथले पावणेदोन. पुण्यातल्या दारापासून तिथल्या दारापर्यंत पावणेएकोणचाळीस तास झाले होते. घरच्यांना वेळ सांगताना हाच आकडा सांगा, नाहीतर ते उगाच काळजीत बसतात.

झोपेचं म्हणाल तर जाताना जास्त त्रास झाला. रात्री दोनपर्यंत आई टक्क जागी, कारण तिच्या शरीराला संध्याकाळचे साडेसहाच वाटायचे, आणि सकाळी उठवत नसे. सकाळी उन्हात अर्धा तास बसवायला लागलो, दुपारची झोप तासावर आणली, सहाव्या दिवशी ती दहाला झोपली. गोळीही तोवर सकाळी आठवर आली.

३ डिसेंबरला मी एकटी परत निघाले. ऑकलंडहून दुपारी १:१०, सिंगापूरला संध्याकाळी ७:००, तिथे दीड तास, आणि मुंबईला त्याच तारखेला रात्री ११:४०. घड्याळ बघितलं तर साडेदहा तास, खरे अठरा. आणि तेच ८,४१० किलोमीटर, पण जाताना पावणेदहा तास आणि येताना दहा तास पन्नास मिनिटं. वर उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, जाताना तो पाठीशी असतो आणि येताना समोरून. परतीच्या तिकिटावर तास जास्त दिसले तर ते यामुळे. एकटीला दीड तासाचं कनेक्शन पुरलं, आईसोबत मी ते कधीच घेतलं नसतं. परत आल्यावर चार दिवस पहाटे तीनला जाग येत होती, बाकी काही नाही.

आईचं परतीचं विमान ८ मार्चला आहे, तेव्हाही फरक साडेसातच असेल. ती एकटी येणार म्हणून सिंगापूरचा थांबा पाच तासांचा निवडलाय, व्हीलचेअर टाकलीय, आणि तिच्या पर्समध्ये वेळांचं तेच वहीचं पान घडी करून ठेवून आलेय, एकीकडे तिथल्या वेळा, एकीकडे आपल्या. घड्याळ तिने अजून बदललेलं नाही. काल फोनवर म्हणाली, "असू दे तसंच, तू उठली असशील का ते मला बघता येतं."